कॅल्क्युलेटर कुरियरने मिळणार नाही

ती. वहिनींना,

धाकट्या (आणि तुमच्या मते अजूनही न सुधारलेल्या) दिराचा शिरसाष्टांग नमस्कार. विनंती पुढे येईलच, आधी खुशाली. मी इथे ठीक आहे. दुकानही ठीक आहे. चष्म्याच्या धंद्यात मंदी येत नाही, कारण माणसांचे डोळे वेळच्या वेळी बिघडतात. तुमचा गुडघा काय म्हणतो? दादाचं पित्त? (त्याला रिकाम्या पोटी चहा देऊ नका असं लिहिणार होतो, पण वॉर्डाच्या मुख्य परिचारिकेला हे सांगणं म्हणजे सूर्यापुढे काजवा.) तुमच्या भिंगरीने केस कापले म्हणे. शोभत असणार. त्या पोरीला एका जागी बसवून ज्याला केस कापता आले, त्या न्हाव्याला माझा वेगळा नमस्कार सांगा.

तुमचं कार्ड मिळालं. वॉर्डात पाळी बदलताना पुढच्या नर्ससाठी सूचना लिहून ठेवावी, तसं ते आहे. भिंगरीला कॉलेजात आलेख काढणारा कॅल्क्युलेटर लागतो, परीक्षेत मोबाइल चालत नाही, तुमच्याकडचा जुना नीट गुंडाळून कुरियरने पाठवा, औषधं वेळेवर घ्या. मी कुठलीच औषधं घेत नाही, पण शेवटचं वाक्य तुमच्या हातून सवयीने गेलं असणार, म्हणून मनावर घेतलं नाही.

मनावर घेतलं ते न लिहिलेलं वाक्य. ‘हे येऊन घेऊन जातील’ असं तुम्ही लिहिलं नाहीत. दादाचं ऑफिस आमच्या घरापासून दोन वळणांवर आहे. इथून तुमच्याकडे कुरियर करायचं म्हणजे शेजारच्या खोलीत तार करण्यासारखं आहे. पण तुम्ही शहाण्या आहात, तुम्हाला माहीत आहे. बाबा गेल्यापासून दादा या घराचा जिना चढलेला नाही. फाटकापाशी येतो, गाडी चालूच ठेवतो, फोन करून म्हणतो, “खाली ये.” मी खाली जातो. काही द्यायचं असेल ते तो देतो, बरं आहे ना विचारतो, मी बरं आहे म्हणतो, गाडी निघते. वर ये, दोन मिनिटं बस म्हटलं की त्याला काम आठवतं. या पूल बांधणाऱ्याला जेवढी कामं आठवतात तेवढी त्याने खरोखर केली असती, तर एव्हाना प्रत्येक नदीवर दोन-दोन पूल झाले असते. वहिनी, मला त्याचा राग येत नाही. मला इथे एकट्याला करमत नाही, एवढंच.

असो. कॅल्क्युलेटरबद्दल बोलू. तो कुरियरने का पाठवता येत नाही हे कळायचं, तर तो आमच्या घरात कोण होता हे तुम्हाला कळायला हवं. दादाने सांगितलं नसणार. तो गोष्ट सांगायला लागला की निष्कर्षापासून सुरुवात करतो आणि तिथेच थांबतो.

दादा माझ्याहून मोठा, पण बारावीनंतर काविळीने त्याला वर्षभर घरी बसवलं आणि कॉलेजात मी त्याला गाठलं. (हे त्याने मला अजून माफ केलेलं नाही. जणू कावीळ मीच आणली.) एकाच वर्गात दोन भाऊ, एकाच बाकावर. गणिताच्या सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं की ग्राफिंग कॅल्क्युलेटर हवा. या सरांना सगळं कॉलेज ‘समजा सर’ म्हणायचं, कारण त्यांचं कुठलंही वाक्य ‘समजा’ने सुरू व्हायचं. समजा क्ष ही एक संख्या आहे. समजा तुम्ही मागच्या बाकावर गप्पा मारत नाही आहात. समजा खिडकी बंद केली. एका घरातून दोन कॅल्क्युलेटर येणं शक्यच नव्हतं. एक आला, आणि तोही अशा थाटात, की आईने टेबलावर स्वच्छ रुमाल अंथरला आणि मगच खोकं ठेवू दिलं.

बाबा, तुम्हाला माहीतच आहे, नकाशे काढणाऱ्यांच्या कचेरीत ड्राफ्ट्समन. जन्मभर रस्त्यांची वळणं आणि जलवाहिन्यांचे उतार शाईने काढलेला माणूस. पेन्सिलीला टोक काढतानासुद्धा त्यांचा श्वास रोखलेला असायचा. दादाने बटणं दाबली, पडद्यावर डावीकडून एक वळण हळूहळू उमटायला लागलं, आणि आम्ही दोघं बाबांच्या तोंडाकडे बघत बसलो. बाबांनी भिंग आणलं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, “हे वळण नाही. या पायऱ्या आहेत.” खरं म्हणजे होत्याच. त्या वेळच्या पडद्यावर प्रत्येक ठिपका वेगळा मोजता यायचा, वळण म्हणजे ठिपक्यांची उतरंड. बाबांनी तिथल्या तिथे ट्रेसिंग पेपर काढला, लाकडी वक्रपट्टी लावली, तेच वळण एका दमात ओढलं आणि कॅल्क्युलेटरच्या शेजारी ठेवलं. दोन पहिलवान वजन करायला उभे राहावेत, तसे ते दोघे टेबलावर. आई म्हणाली, “दोन्ही छान आहेत, आता टेबल रिकामं करा.” हा आमच्या घरातला शेवटचा निःपक्षपाती निकाल.

(मध्येच एक गिऱ्हाईक येऊन गेलं. आरशात बघून म्हणाले, या फ्रेममध्ये मी फार हुशार दिसतो, लोक कामं सांगतील, जरा साधी दाखवा. दाखवली. त्यात ते खरोखरच साधे दिसले आणि खूश होऊन गेले.)

तर बाबा त्याला ‘तुमचा पायऱ्यावाला’ म्हणायला लागले. पायऱ्यावाल्याची भूकही मोठी होती. चार सेल लागायचे, आणि परीक्षा जवळ आल्या की ते भराभर संपायचे. मग दोन भिंतीवरच्या घड्याळातले, एक टॉर्चमधला, आणि उरलेला आईच्या रेडिओतला, अशी वर्गणी निघायची. परीक्षेच्या दिवसांत आमच्या घराला वेळ नसायची. घड्याळ बंद दिसलं की शेजारच्या काकू दारातूनच विचारायच्या, “पोरांची परीक्षा वाटतं?” आणि आवाज खाली आणायच्या. रेडिओ मुका झाल्यामुळे बाबा संध्याकाळी आईला पेपरातल्या बातम्या वाचून दाखवायचे, त्याही निवेदकाच्या आवाजात, शेवटी हवामानासकट. आई म्हणायची, रेडिओ बरा, त्याला निदान बंद करता येतो.

परीक्षेत एकच कॅल्क्युलेटर कसा चालवायचा, हा प्रश्न समजा सरांनी सोडवला. आमचं आडनाव एक, नंबर शेजारी शेजारी. सर म्हणाले, समजा दोघांच्या मध्ये एक स्टूल ठेवलं. त्यावर कॅल्क्युलेटर. ज्याला लागेल त्याने उचलायचा, काम झालं की पडदा पुसून परत ठेवायचा, म्हणजे एकाचं उत्तर दुसऱ्याला दिसणार नाही. आता कोणालाही ‘पुसून’ म्हणजे एक बटण दाबून असं वाटेल. पण दादाचा प्रामाणिकपणा तुम्ही भोगताच आहात. त्याला वाटलं, पुसायचं तर मुळापासून. तो दर वेळी मशीनची सगळी स्मृतीच साफ करायचा, नव्याने जन्मल्यासारखं. मग पडदा फक्त उणे दहा ते अधिक दहा एवढंच बघायचा. माझ्या प्रश्नात होती पाण्याची मोठी टाकी, तिची पातळी शेकड्यांत. मी समीकरण घातलं, बटण दाबलं, पडदा कोरा. पुन्हा दाबलं, कोरा. पडद्याच्या हद्दी वाढवाव्या लागतात हे मला माहीत होतं, पण त्या मी पेपर सुरू होताच वाढवून ठेवलेल्या होत्या, त्यामुळे तिकडे संशय जाईना. वर्ग बिनआवाज लिहितोय, मी कोऱ्या पडद्याकडे बघतोय. शेवटी मनाचा हिय्या केला आणि उत्तरपत्रिकेत स्वच्छ अक्षरात लिहिलं: या समीकरणाला आलेख नाही.

पेपर तपासून आला. त्या वाक्याखाली सरांनी लाल शाईत लिहिलं होतं: समजा, आहे.

दादाला हे कळलं तेव्हा तो हसला नाही. त्याने माझी उत्तरपत्रिका घेतली, आलेख स्वतः काढला, आणि दुसऱ्या दिवशी माझ्या आधी स्टाफरूममध्ये जाऊन सांगून आला की पडदा पुसायचं काम माझ्याकडून जास्त झालं, त्याला बोलू नका. सर म्हणाले, समजा मी कोणालाच बोललो नाही. हे मला त्याने सांगितलं नव्हतं. सरांनीच पुढे कधीतरी सांगितलं. तुमचा नवरा असा आहे, वहिनी. चूक त्याची असो नसो, तो आधी जाऊन उभा राहतो. म्हणूनच आता तो एका ठिकाणी उभा राहायला घाबरतो हे बघवत नाही.

त्याच वर्षी आम्ही एक उद्योगही केला. दादाने समीकरणांतून समजा सरांचा चेहरा काढायचं ठरवलं. मिशीला उलटा पसरट वक्र, टकलाला अर्धवर्तुळ, चष्म्याला दोन वर्तुळं. समीकरणं त्याची, बटणं दाबायला मी. (मी दाबायचो कारण त्याची बोटं जाड. त्याने दाबलं की एकाच्या जागी दोन आकडे यायचे.) चेहरा उमटला, पण चष्मा चेपल्यासारखा लंबगोल, आणि काचांची वरची खालची अर्धुकं दोन्ही टोकांना जुळेचनात, तिथे फट राहायची. आम्ही फटी बुजवण्यात एवढे गुंग की सर पाठीमागे येऊन उभे राहिलेले कळलं नाही. ते कॅल्क्युलेटर हातात घेऊन निरखत राहिले. म्हणाले, “समजा हा मी आहे. मग माझा चष्मा असा का?” आणि मग तास बाजूला ठेवून त्यांनी सगळ्या वर्गाला समजावलं, की पडदा रुंद आहे, म्हणून आडव्या उभ्या मोजमापाचं प्रमाण सारखं करावं लागतं. प्रमाण सारखं केलं. चष्मा गोल झाला. फटी राहिल्याच, पण त्या नेमक्या काड्या अडकवायच्या जागी होत्या, त्यामुळे कोणाची तक्रार राहिली नाही. लोक मला विचारतात तू चष्म्याच्या धंद्यात कसा आलास. मी काहीतरी सांगतो. खरं कारण हे आहे.

पण मला सांगायचं आहे ते घरातलं. बाबा पायऱ्यावाल्याला नावं ठेवत होते, पण संध्याकाळी जेवणं आटोपली की त्यांचा हात टेबलावर त्याला शोधायचा. आधी आडून विचारायचे, अभ्यास झाला का, सेल संपले नाहीत ना. मग सरळच, “थोरल्या, ते डोंगरवालं काढ.” डोंगरवालं म्हणजे साइनचा आलेख. घसरगुंडीवालं वेगळं, दरीवालं वेगळं, बाबांनी सगळ्यांची नावं ठेवली होती. तो कॅल्क्युलेटर सावकाश काढायचा, ठिपका ठिपका, आणि दादाने बटण दाबलं की बाबा खुर्चीत पुढे सरकून शर्यतीचं धावतं वर्णन करायचे. निघाला. चढतोय, चढतोय, दमला बघ, आता उतरणार, उतरला! काही वक्र सुसाट वर जायचे, तेव्हा बाबा हात झटकून म्हणायचे, “गेला! हा काही परत येत नाही.” एक वक्र होता, तो रेषेच्या जवळ जवळ येतो आणि टेकत मात्र कधीच नाही. त्याने बाबांचा जीव खाल्ला. दादा पडदा मोठा करून दाखवायचा, आणखी मोठा करायचा, तरी बारीकशी फट असायचीच. बाबा ओरडायचे, “अरे टेक ना एकदाचा!” आई स्वयंपाकघरातून विचारायची कोणाला ओरडताय. (इथे तुम्हाला कोणाची आठवण आली असेल, फाटकापाशी वगैरे, तर ती तुमची तुमच्यापाशी ठेवा. मी काही बोललेलो नाही.)

पुढे दादा पुलांच्या कामाला लागला, तुमचं लग्न झालं, तुम्ही वेगळ्या घरात गेलात. आई गेली. बाबांचा हात कापायला लागला आणि वक्रपट्टी कपाटात गेली. पण रविवारी दादा यायचाच, आणि आल्या आल्या पायऱ्यावाला बाहेर निघायचा. आठवड्यात मी काढून दाखवला तर बाबांना ते पसंत नसायचं. म्हणायचे, तुझं घाईचं असतं, थोरला आला की बघू. मी काय घाई करणार, बटण कोणीही दाबलं तरी ठिपके त्यांच्याच चालीने यायचे. पण मी वाद घातला नाही.

शेवटच्या रविवारी मी त्याच खोलीत होतो. दादाने डोंगरवालं लावलं. बाबा खुर्चीत होते, डोळे मिटलेले. ठिपके निघाले तरी ते काही बोलेनात. तेव्हा दादाच हळू आवाजात बोलायला लागला. निघाला बाबा. चढतोय. दमला. आता उतरणार. पडदा संपेपर्यंत तो बोलत राहिला. बाबांनी डोळे न उघडता मान हलवली, तेवढीच. त्या आठवड्यातच ते गेले, आणि त्यानंतर दादा वर आलेला नाही. वहिनी, तो त्या खोलीला घाबरतो. घाबरतो मीही, पण मला संध्याकाळी दुकान बंद करून तिथेच यावं लागतं.

आता सांगा, असा जिन्नस कुरियरने कसा पाठवू? कुरियरचा पोरगा वस्तू दारात ठेवतो म्हणजे चार हातांवरून टाकतो, हे मी स्वतः पाहिलंय. (मागे फ्रेमचं खोकं असंच आलं. निम्म्या फ्रेम एका डोळ्याच्या झाल्या होत्या.) पायऱ्यावाला आत्ता माझ्यासमोर गल्ल्यावर आहे, मी त्याला बघतोच आहे. मागचं झाकण सैल झालंय, त्याला दोरा बांधलाय. बेरजेचं बटण जरा डावीकडे दाबावं लागतं, नाहीतर ते ऐकत नाही. आणि सेल बदलायचे ते एकेक करून, सगळे एकदम काढले तर तो सगळं विसरतो. या गोष्टी खोक्यावर लिहून पाठवता येत नाहीत. हातात धरून दाखवाव्या लागतात, आणि ज्याच्या हाताची त्याला सवय आहे त्यानेच त्या समजून घ्याव्यात. भिंगरीला तो द्यायचाच आहे, त्यात दुमत नाही. तिच्या आजोबांची वस्तू तिच्याकडे नाही तर कोणाकडे जाणार? पण नेणाऱ्याने वर यावं. तेवढा जिना चढावा. दाराला बेलसुद्धा नको, दार मी उघडं ठेवतो.

बाकी तुमचा गुडघा शेकत जा. दादाला माझा नमस्कार, भिंगरीला पाठीत एक धपाटा, आणि तुम्हाला, वाकवेल तेवढं वाकून, पुन्हा नमस्कार. (वय झालं, पूर्वीइतकं वाकवत नाही.)

तुमचा,
चष्मेवाला धाकटा

ता. क. हे पत्र दादाला दाखवू नका. त्याला आवडणार नाही, आणि शेवटच्या रविवारचं तर मुळीच दाखवू नका.

ता. क. २. विचार केला. दाखवा. पण समजा सरांच्या चष्म्यापासून सुरू करा, म्हणजे तो हसत असताना पुढचं येईल.

ता. क. ३. आता हे फक्त तुमच्यासाठी, त्यामुळे हा कागद वेगळा ठेवा. कॅल्क्युलेटर माझ्यासमोर गल्ल्यावर नाही. घरीही नाही. तुमचं कार्ड यायच्या आधीच भिंगरी कॉलेज सुटल्यावर परस्पर येऊन तो घेऊन गेली. (तिने दादाला विचारलं होतं, दादा म्हणाला आईला विचार, तुम्ही कार्ड लिहायला घेतलंत. त्या पोरीला एवढा दम कुठला?) ती धाडधाड वर आली, दप्तर टाकलं आणि बाबांच्या खुर्चीत धपकन बसली. त्या खुर्चीत बाबांनंतर कोणी बसलेलं नव्हतं. मी तिला उठ म्हणणार होतो. मग बघतो तर तिथे एक मुलगी पाय हलवत बसलेली आणि ओठ पुढे काढून बटणं दाबत होती. पहिला आलेख निघाला तशी म्हणाली, “काका, हा किती हळू आहे, चल ना रे बाबा लवकर!” मला हसू आलं आणि मग हसूच थांबेना, डोळे पुसावे लागले. त्या दिवसापासून खोली जरा बरी वाटते. कॅल्क्युलेटर तुमच्याच घरात आहे, तिच्या कपाटात, स्वेटरांखाली. मी तिला शब्द दिलाय की तुम्ही ओरडणार नाही.

तेव्हा तुम्ही तिकडे बघू नका. दादाला एवढंच सांगा, की वस्तू वरच आहे, धाकट्याचा पाय मुरगळलाय (पाय ठणठणीत आहे), तो खाली येऊ शकत नाही, आणि पोरीची परीक्षा जवळ आली. पोरीसाठी तो येईल. वर आल्यावर त्याच्या हातात काय ठेवायचं, हे मी अजून ठरवलेलं नाही. पण तेव्हा तो वर आलेला असेल.